सातव्या वेशीचा राजपुत्र

कानो, २ डिसेंबर १९९८

तलातू, सलाम.

हे तुझ्या मालकाचं पत्र आहे, तेव्हा उभं राहून वाच. आतेची पोर ही मामाच्या पोराची गुलाम असते, हे तुझ्या त्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं नसेल. तुम्हां झारियावाल्यांचं कसं चाललंय? सावलीत पुस्तकं चाळत बसला असाल, आणि कानोहून मिठाची गाडी येईपर्यंत अळणी कालवण खात असाल.

आता कामाचं. मी सिनेमा काढतोय. आधी हसून घे, मग पुढे वाच. वीस वर्षं लग्नांचे फोटो काढले, सहा वर्षं लग्नांचा व्हिडिओ. नवरी तीच रडते, काका तोच मधे येतो. कॅमेरा माझा आहे, कॅसेट जोडायची दोन यंत्रं दुकानात आहेत, मग आपल्या जुन्या राजांची गोष्ट मी का सांगू नये? नाव ठरलंय, 'सातवी वेस'. एका शहराला सात वेशी असतात. एका सकाळी लोक उठून बघतात तर सातवी वेस नाही, तिथे सपाट भिंत. जिनांच्या राणीनं ती उचलून वाळवंटात नेलेली. राजाचा मुलगा ती आणायला निघतो. वाटेत राक्षस आहे, बोलणारी विहीर आहे, लढाई आहे. चिलखतं शिंपी गाम्बो शिवतोय. गाद्यांची खोळ फाडून त्यात सावरीचा कापूस भरायचा आणि रजईसारखे टाके घालायचे. पूर्वी घोडदळ घालायचं तसंच. तलवारी लोहार ट्रकच्या पाट्यांतून ठोकतोय. घोडे मात्र रमजान ईदची मिरवणूक झाल्यावरच मिळतील.

तुझ्याकडून एक हवं. संवाद लिहून दे. माझी माणसं राजाच्या तोंडी बसकंडक्टरची भाषा घालतात.

राजपुत्र कोण होणार हे सांगायला नकोच. आमच्या घरातला मुख्तारी. दूध सुटल्यावर माझी आई त्याला पाठीशी बांधून घेऊन आली, आता त्याला दारातून वाकून आत यावं लागतं. बावीसचा आहे. मला ठाऊक आहे, तू त्याचं नाव घेणार नाहीस, त्याच्याकडे नीट बघणार नाहीस, कोणी विचारलं तर म्हणशील की मामाकडचा कोणीतरी मुलगा आहे. तुझं पहिलं मूल म्हटल्यावर आईनं लांब राहायचं ही रीतच आहे, मी त्यात बोलत नाही. पण पडद्यावर तरी बघशील ना? पडद्याला कसली आली रीत.

तुझा मालक,
तंको

*

झारिया, ११ डिसेंबर १९९८

तंको,

तुझं पत्र पाय पसरून, शेंगदाणे खात वाचलं. मिठाच्या गाडीबरोबर कानोहून व्यापारीही येतात, आणि ते गेल्यावर आम्ही भांडी मोजतो.

संवाद लिहीन. मात्र अटी आहेत, आणि त्या थट्टेच्या नाहीत. तुझ्या कच्च्या लिखाणात राजा 'ठीक आहे, भेटू' म्हणतो. राजा असं म्हणत नाही. राजा बहुधा बोलतच नाही, शेजारचा माणूस त्याच्या वतीनं बोलतो. आणखी एक. व्हिडिओतले राजे मी बाजारात पाहिले आहेत. शेळ्या विकायला आल्यासारखे इकडेतिकडे बघत असतात. शेवटच्या प्रसंगात राजपुत्र वेस घेऊन परत येतो आणि त्याच्या डोक्याला फेटा बांधतात, तिथे मी समासात लिहिलं आहे ते त्या मुलाला वाचून दाखव. फेटा बांधल्यावर राजा मान वळवत नाही. हाक आली तरी नाही, घोडा बुजला तरी नाही. वळायचंच झालं तर सगळं अंग वळवतो. मी लहान असताना इथल्या अमिरांना मिरवणुकीत तसंच जाताना पाहिलं आहे. हे लिहून झाल्यावर मला शंका आली, की मी पाहिलं होतं की वडिलांनी सांगितलं होतं. माझ्या रोजच्या नोंदींच्या वहीत शोधलं. सापडलं नाही. तरी ते बरोबर असावं.

तुमच्या घरातल्या त्या मुलाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो तुमचा आहे. घोडा शांत असलेला बघा. हे मी घोड्याच्या काळजीनं लिहिते आहे.

पहिली बारा पानं सोबत आहेत. मोटारस्टँडवरच्या ड्रायव्हरला ओली होऊ देऊ नको म्हणून बजावलं आहे.

तलातू

*

कानो, २९ जानेवारी १९९९

तलातू, सलाम.

गुलामांनी मालकाला अटी घालायच्या नसतात, पण पानं चांगली आहेत म्हणून माफ.

ईद झाली, घोडे मिळाले, शूटिंग सुरू झालं. भिंतीबाहेर, जुन्या तळ्यांच्या पलीकडे. पहिल्या दिवशी आठशे वर्षांपूर्वीच्या सैन्यातून एक मोटारसायकल गेली. मागे बसलेल्या बाईनं हातही हलवला. दुसऱ्या दिवशी जिनांची राणी गायब होताना कॅमेरा थांबवला, तिला बाजूला जायला सांगितलं आणि परत सुरू केला. सगळं ठीक, फक्त तिची एक चप्पल तिथेच राहिली. गाम्बो म्हणतो राहू दे, लोकांना वाटेल चप्पल माणसाची होती. राक्षस झालेला खाटीक गवताच्या पोशाखात दोनदा चक्कर येऊन पडला. सावरीच्या चिलखतात तर विचारू नकोस. घोड्यावरून उतरलं की आतून बादलीभर पाणी निथळतं.

मुख्तारी बरा करतो. बरा म्हणजे इतका, की मी 'थांब' म्हणायचं विसरतो. तू समासात लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. त्यानं तो कागद मागून घेतला आणि घडी करून टोपीत ठेवला.

एक दिवस येऊन जा. घोड्यांकडे बघायला आले म्हण.

तंको

*

झारिया, १० फेब्रुवारी १९९९

तंको,

येणं जमणार नाही. शाळेत निवडणुकीचं केंद्र आहे, सगळी बाकं बाहेर काढायची आहेत. शिवाय मी आले की त्याला घोड्यावरून उतरून भिंतीआड जावं लागेल आणि मला पाठ फिरवून उभं राहावं लागेल. तुमचा वेळ जाईल.

शेवटची पानं पाठवते आहे. यंदा ऊन लवकर लागलं. चघळायला कोलाच्या बिया घातल्या आहेत, मामीला दे. तू खाऊ नकोस.

तलातू

*

कानो, २२ एप्रिल १९९९

तलातू, सलाम.

चाळीस दिवस परवा झाले. आईनं वाटायला अन्न केलं होतं. ती बरी आहे. मुख्तारीची चटई अजून गुंडाळलेली नाही.

आधी एका गोष्टीची माफी मागतो. त्या दिवशी तू आलीस तेव्हा दफन होऊन गेलं होतं. पेट्रोल नव्हतं, गाड्या नव्हत्या, तुझा त्यात दोष नाही. तू आत येऊन बायकांत बसलीस आणि मी दारातून म्हणालो, झारियात नळाला पाणी नाही हे ऐकलं होतं, डोळ्यांनाही नाही हे आज पाहिलं. आपल्या नात्यात मयताच्या घरीही थट्टा करायची असते. मी नसती केली तर म्हातारे म्हणाले असते, तंको रीत विसरला. बायका हसल्या. तू माझ्याकडे बघितलंस आणि परत चटईकडे. तेव्हापासून माझ्या तोंडात दुसरी थट्टा आलेली नाही. या पत्राच्या सुरुवातीला एक लिहिली होती, ती खोडली.

सगळं इतकं पटकन झालं. शूटिंग आदल्या आठवड्यातच संपलं होतं. घरीच होता, बुधवारी रात्री ताप चढला, गुरुवारी दुपारी सगळं आटोपलं. दवाखान्यात म्हणाले, पाठीच्या कण्याचा ताप, यंदा गावभर आहे.

विचारू की नको, असं रोज करतो. सिनेमा पुरा आहे. जोडायचं तेवढं बाकी आहे. पण तो लोकांसमोर आणावा की नाही हे मी ठरवू शकत नाही. तुझ्या नवऱ्याला विचारलं. मालम इरो म्हणाला, मुलाच्या आईला विचार, ती सांगेल तसं कर. तू नको म्हणालीस तर कॅसेट मी कपाटात ठेवीन आणि किल्ली आईला देईन. गाम्बो आणि बाकीच्यांना सांगून ठेवलं आहे.

तंको

*

झारिया, १८ मे १९९९

तंको,

उत्तराला उशीर झाला. कारण शोधलं, सापडलं नाही. वेळ होता.

मी बरी आहे. झोप लागते. जेवते. पाचवीचे पेपर तपासले, दोनदा बेरीज केली, चूक निघाली नाही. इथे सगळ्या बायका माझं कौतुक करतात. पहिल्या मुलासाठी आईनं रडायचं नसतं आणि मी एकदाही रडले नाही, म्हणून शेजारची म्हातारी आपल्या सुनांना माझं उदाहरण देते. मी तिला थांबवत नाही. पण हे कुठेतरी खरं लिहून ठेवावं, म्हणून तुला लिहिते. मी रडणं आवरलं नाही. आवरण्यासारखं काही आलंच नाही. तोंडात सुपारी ठेवल्यावर जीभ जशी होते तसं आहे. आत काही चाललं असलं तर मला कळत नाही. हे दुःख म्हणावं का, याची मला खात्री नाही, आणि लोकांनी ते धैर्य म्हणावं हे मला पटत नाही.

तुझ्या थट्टेचा राग आला नाही. त्या घरात तेवढं एकच वाक्य माझ्याशी बोललेलं होतं. बाकीची सगळी देवाशी होती.

सिनेमाबद्दल आज सांगू शकत नाही. त्याआधी एक विचारायचं आहे. तू लिहितोस शूटिंग आदल्या आठवड्यात संपलं. पण माझ्या वहीत ७ मार्चच्या पानावर, रविवारी, लिहिलं आहे की तो आला होता आणि म्हणाला शेवटचा प्रसंग बुधवारी आहे. मला नाही म्हणाला, आमच्या धाकटीला, आसाबेला म्हणाला. ती बारा वर्षांची आहे, ऐकण्यात चूक झाली असेल. वहीत लिहिण्यात माझी चूक झाली असेल. तू खात्री करून कळव.

तलातू

*

कानो, ४ जून १९९९

तलातू,

तुझी चूक नाही. आसाबेचीही नाही.

बुधवारी, १० मार्चला सकाळी शेवटचा प्रसंग घेतला. घोडे त्याच दिवशी परत द्यायचे होते, आणि लोक जमवलेले होते, दोनशे तरी. मी खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं की पुढचंही लिहावं लागतं. आता लिहितो.

सकाळी तो आला तेव्हा गप्प होता. चिलखत चढवताना गाम्बो म्हणाला, अंग तापलंय. मी म्हणालो, त्या रजईत कोणाचं तापत नाही. उजेडाकडे बघताना तो डोळे बारीक करत होता. मला वाटलं, वाळवंटातून आलेला राजपुत्र असाच बघेल. फेटा बांधला. घोड्यावर बसला. आणि तलातू, तो जसा बसला तसं मी कोणाला बसलेलं पाहिलं नाही. मान जरासुद्धा हलत नव्हती. भालदार ओरडले, ढोल वाजले, घोडा दोनदा बुजला. त्यानं मान वळवली नाही. डावीकडे बघायचं होतं तेव्हा सगळं अंग वळवलं, हळूहळू, शहराची भिंत वळावी तसं. गर्दीत उभे असलेले खरेखुरे म्हातारे होते, त्यांच्यापैकी दोघे खाली बसले, खऱ्या राजासमोर बसतात तसे. मी त्यांना बसायला सांगितलं नव्हतं.

प्रसंग संपला तेव्हा तो मला म्हणाला, "मामा, मान दुखते. वाकत नाही."

मी म्हणालो, "वाकवू नकोस, अजून एकदा घेऊ. झारियाच्या मास्तरणीला हेच हवंय."

तो हसला. आणि आम्ही अजून एकदा घेतलं.

दुपारी घरी गेला. रात्री ओकायला लागला. दवाखान्यातल्या नर्सनं पहिला प्रश्न विचारला, मान कधीपासून ताठ आहे? मी म्हणालो, माहीत नाही. आई शेजारी होती. मी आईसमोरही खोटं बोललो.

आता तुला ठाऊक आहे. दोन्ही वेळचं शूटिंग कॅसेटवर आहे. तू म्हणशील तर त्यावर दुसरं काही भरून पुसून टाकतो. तू म्हणशील तर सगळाच सिनेमा पुसतो. माझ्याशी पुन्हा न बोलणं हेही तू ठरवू शकतेस. मी वाट बघतो.

तंको

*

झारिया, २२ जून १९९९

तंको,

तुझं पत्र वर्गात वाचलं. मुलं नकाशा काढत होती. वाचून झाल्यावर मी त्यांच्या नकाशातल्या नद्या तपासल्या.

तू सगळं स्वतःवर घेतलं आहेस, ते बरोबर नाही. मला अचूकपणाची सवय आहे, म्हणून माझा वाटा लिहिते. तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून नाही.

७ मार्चला तो आला तेव्हा मी अंगणात चटईवर पेपर तपासत होते. तो भिंतीपाशी उभा राहिला. रीतीप्रमाणे मी वर पाहिलं नाही. त्यानं आसाबेला सांगितलं, डोकं फार दुखतंय, उन्हानं असेल. मी ऐकलं. मी आसाबेला म्हणाले, पाहुण्याला फुरा दे, बाजरी ताजी आहे. पाहुण्याला म्हणाले. तिनं वाडगा दिला, त्यानं अर्धा प्यायला आणि उरलेला भिंतीवर ठेवला. तो कधी उरवत नाही, हे मला माहीत होतं, आणि मी वाडग्याकडे बघितलं. मला उठून त्याच्या कपाळाला हात लावायचा होता. असं मी आज लिहिते, पण तेव्हा खरंच लावायचा होता का? वहीत तसं नाही. वहीत आहे, 'डोकं दुखत होतं. ऊन.' बस. त्यानंतर किती पेपर तपासले त्याचा आकडा आहे.

उठले असते तर कोणी काही बोललं नसतं. घरी आसाबेशिवाय कोणी नव्हतं. मालम इरो मशिदीत होता. मला अडवणारी फक्त मी होते. बावीस वर्षं असं केलं की ती रीत राहत नाही, हाड होतं.

दुसरं, आणि हे तुला आधीच कळलं असेल, तू भलेपणानं लिहिलं नाहीस. ती मान मी लिहिली. मी समासात लिहिलं नसतं, तर त्या दिवशी दोनशे माणसांतल्या एकाला तरी तो मुलगा आजारी दिसला असता. माझ्यामुळे सगळ्यांना तो राजा दिसला.

आता ही तुझी कॅसेट. ठरवण्याआधी मी बघणार आहे. २ जुलैला शाळा बंद होते. ३ तारखेला येईन. खोलीत कोणी नको. तूही नको.

तलातू

*

झारिया, १२ जुलै १९९९

तंको,

सुखरूप पोचले. त्या दिवशी तुझ्या दुकानातून मी काही न बोलता निघाले, मामीलाही भेटले नाही. तिला सांग, पुढच्या वेळी भेटेन.

तू विचारलं नाहीस, तरी काय पाहिलं ते लिहिते.

आवाज बंद केला. शेवटचा प्रसंग तीन वेळा बघितला, दोन्ही वेळा घेतलेला, म्हणजे सहा. पहिल्यांदा मी पडद्याच्या बाजूच्या भिंतीकडे बघत होते. सवयीनं. ते लक्षात आलं तेव्हा खुर्ची पुढे ओढली. मी त्याच्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. जन्मल्यावर पाहिलं असेल, पण तेव्हाही दाई होती, सासू होती. पडद्यावर तो बघत होता आणि त्याला उतरून भिंतीआड जावं लागत नव्हतं. मला पाठ फिरवावी लागत नव्हती.

मला काही वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. मी फक्त बघितलं, पेपर तपासते तसं, डावीकडून उजवीकडे. त्याचे कान माझ्या वडिलांसारखे आहेत. लगाम डाव्या हातात धरतो. डाव्या भुवईखाली एक जुना व्रण आहे, बोटाच्या पेराएवढा. तो कशाचा? मला माहीत नाही. पडल्याचा आहे, की कोणी मारलं होतं? त्या वेळी रडला होता का? मामीला विचारून कळव. घाई नाही.

आता सिनेमाचं. पुसून टाकला तर तुझं आणि माझं झाकलं जाईल, त्याचं काहीच होणार नाही. तो आजारी होता, आणि तरी त्यानं आपलं काम नीट केलं. ते काम त्याचं आहे. आपल्या चुकीसाठी ते आपण त्याच्याकडून काढून घ्यावं, असा हक्क मला सापडत नाही. मी दहा दिवस शोधला.

तेव्हा दाखव. दुसऱ्यांदा घेतलेलं वापर. पहिल्यात तो मधेच एकदा कॅमेऱ्याकडे बघतो, तुला शोधल्यासारखा. ते लोकांनी बघायचं नाही. ते तुझं आहे, तू ठेव.

तलातू

*

कानो, ३ ऑक्टोबर १९९९

तलातू, सलाम.

'सातवी वेस' तीन आठवड्यांपूर्वी बाजारात आली. दुकानांतून दोनदा मागणी आली, मी कॅसेटी भरतोय. चहाच्या टपऱ्यांवर लावतात. चप्पल दिसते तिथे लोक हसतात, गाम्बोला वाटतं त्याचं बरोबर होतं. राक्षस झालेल्या खाटकाकडे आता बाजारात मटण घ्यायला गर्दी होते. नुसतं हात लावून बघायला पोरं येतात.

शेवटच्या प्रसंगाला कोणी बोलत नाही. मी एकदाच बसलो लोकांत, पुन्हा बसणार नाही.

व्रणाचं आईला विचारलं. ती म्हणाली, सात वर्षांचा होता. कोणीतरी सांगितलं, झारियाची गाडी आली, तुझ्या गावची माणसं आली. तो धावत सुटला आणि अंगणातल्या शेळीच्या दाव्यात पाय अडकून जात्यावर पडला. रडला नाही म्हणे. गाडीतून कोण उतरलं ते विचारत राहिला. त्या गाडीत तू नव्हतीस, तुझा दीर होता. आई म्हणाली हे तुला सांगू नको. मी एकदा खोटं लिहिलं आहे, आता खरं लिहितो.

आणखी एक आहे, ते सांगू की नको असं होतंय. कानोची पोरं राजा राजा खेळतात. डोक्याला फडकं गुंडाळतात, काठीवर बसतात आणि मान ताठ धरून चालतात. वळायचं असलं की सगळं अंग वळवतात. आमच्या गल्लीत दहाबारा तरी आहेत. मी दुकानातून बाहेर येतो, ती पोरं जातात, मी आत जातो. तुमच्याकडेही कॅसेट पोचली असेल. म्हणून आधीच कळवलं.

पहिल्यांदा घेतलेल्याची कॅसेट कपाटात आहे. तो बघतो तेवढंच मी बघतो. मग बंद करतो.

तंको

*

झारिया, ९ मार्च २०००

तंको,

पाच महिने झाले, आणि तू दोनदा निरोप पाठवलास. वाईट वाटून घेऊ नकोस. व्रणाचं वाचून मी वही बंद केली होती, ती गेल्या आठवड्यात उघडली.

कॅसेट इथे डिसेंबरात पोचली. माझ्या वर्गातली पोरंही मान ताठ धरून चालतात. त्यांना मी हे लिहिणारी आहे हे माहीत नाही, सिनेमातला मुलगा माझा कोण हेही नाही. थंडीभर मी त्यांना तसंच खेळू दिलं. चांगलं करतात. त्यात एक हाबिबू आहे, तो तर घंटा झाली तरी मान वळवत नाही.

पण आता परत ऊन लागलं. आरोग्य केंद्राची बाई शाळेत येऊन गेली. तिला मी विचारलं, तो ताप कसा ओळखायचा? ती म्हणाली, सोपं आहे. मुलाला हनुवटी छातीला लावायला सांगा. लागली तर घरी पाठवू नका, वर्गात बसवा. लागली नाही तर वर्गात बसवू नका, तसंच माझ्याकडे आणा.

तेव्हापासून रोज सकाळी हजेरीनंतर मी रांगेतून जाते. प्रत्येकासमोर उभी राहते. पोरांना तो खेळ वाटतो. मुख्याध्यापकांना ते आवडत नाही. म्हणतात, मालमा, वीस मिनिटं जातात. जातात. मी मोजली आहेत.

आज हाबिबूनं केलं नाही. ताठ उभा राहिला, समोर बघत. मी दुसऱ्यांदा सांगितलं. वर्ग हसायला लागला. तो म्हणाला, "राजा मान वाकवत नाही, मालमा."

मला कळेना, तो खेळतोय की त्याला वाकवता येत नाहीये. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कोणत्या आईला ते ओळखता येतं, मला माहीत नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले, नीट, डोळ्यांत. मी म्हणाले, "हा राजा वाकवतो. वाकवेपर्यंत मी इथून हलणार नाही."

त्यानं बराच वेळ घेतला. मग वाकवली. हनुवटी छातीला टेकली.

मग मी पुढच्या मुलाकडे गेले. चव्वेचाळीस आहेत.

तलातू